अण्णारावांचा घोळणा आणि उंदराचं औषध

१

अण्णारावांवर विषप्रयोग झालाय हे उघडकीला आलं, तेव्हा अण्णाराव खाटेवर मांडी घालून मटकीची उसळ खात होते आणि मीठ कमी आहे म्हणून सुनेला बोलत होते.

विष घातलेल्या माणसाने मिठाची तक्रार करावी, हे डॉ. बुद्धप्रिया सोनकांबळेला जरा खटकलं. पण खटकणं ही काही तपासणी नव्हे. तपासणी तिच्या हातात कागदावर होती, आणि कागद म्हणत होता की या माणसाचं रक्त गोठायला नेहमीच्या दुपटीहून जास्त वेळ लागतो.

तर प्रकरण असं होतं. अण्णाराव हदगावचे. कापूस, सोयाबीन, बैलजोडी आणि तपकिरीची डबी, असा त्यांचा पसारा. मे महिन्यात ऊन असं तापलं की एका सकाळी तपकीर ओढता ओढता त्यांचा घोळणा फुटला, नाकातून रक्ताची धार लागली. घरच्यांनी कांदा फोडून हुंगायला दिला, डोक्यावर पाणी ओतलं, मान मागं करून उताणं झोपवलं. म्हणजे त्यातलं जे करू नये ते सगळं शिस्तीत केलं. मग नांदेडला नेलं. तिथे पुढं वाकवून नाक चिमटीत धरलं तसं रक्त थांबलं; पण हाताशी सुई होती म्हणून रक्त गोठण्याची तपासणीही झाली, आणि ती बिघडलेली आली. तिथला डॉक्टर पुटपुटला, "पोटात काही विषारी गेलंय का?" अण्णारावांची थोरली बहीण कस्तुराबाई माहेरपणाला आली होती, तिने ते ऐकलं. ती चाकूरला दिलेली, आणि तिचा भरवसा फक्त लातूरच्या अमृतराव डॉक्टरांवर. म्हणून सगळी वरात जीपमधून लातूरला आली.

अमृतराव डॉक्टरांच्या दवाखान्याची एक रीत होती. नाकातून रक्त येणारा पेशंट दारात दिसला की तो आत यायच्या आधी हीच तपासणी लिहून तयार. बुद्धप्रिया नोकरीला लागली तेव्हा तिने विचारलं होतं, "सर, पेशंट रक्त पातळ करायची गोळी घेत नाही, घरात कुणाला रक्ताचा आजार नाही, तर यातून कळणार काय?" डॉक्टर म्हणाले होते, "काही नाही कळणार. पण करून ठेवावी."

आता कळलं होतं. आणि कळल्यावर काय करावं ते कुणाला कळत नव्हतं.

"एक रिपोर्ट चुकू शकतो," अमृतराव चष्मा पुसत म्हणाले. "पण दोन गावांतल्या दोन लॅब एकमेकींना न विचारता एकच चूक करत नसतात. गोळी नाही, दारू नाही, लिव्हर ठणठणीत. मग राहिलं काय? उंदराचं औषध. उंदीर त्यानेच तर मरतो, रक्त गोठायचं बंद होतं म्हणून. मी संध्याकाळची ओपीडी उरकतो आणि पोलिसांना कळवतो. कळवावंच लागतं."

दाराबाहेर काहीतरी आपटलं. बुद्धप्रियाने दार उघडलं. कस्तुराबाई उभी होती, पायाशी जेवणाचा डबा लवंडलेला.

"म्या नांदेडपासून म्हणायलेय," ती वॉर्डाकडे हात करून म्हणाली. आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच भीती वाटली. "त्या सृष्टीनं घातलंय माझ्या आण्णाला."

२

सृष्टी बाकावर बसली होती, मांडीवर थर्मास. नांदेडपासून तिला नवीन काम लागलं होतं. सासऱ्याच्या पोटात जे जाईल ते आधी तिने खाऊन-पिऊन दाखवायचं. चहा, उसळ, केळं, सगळं. आज किती चहा झाले याचा तिचाच हिशेब सुटला होता. डोळे टक्क उघडे होते.

"तुमचं आणि सासऱ्यांचं भांडण झालं होतं?" बुद्धप्रियाने विचारलं.

"झालं की. लपवायचं काय त्यात. मला इथं लातूर जिल्ह्यात तलाठ्याची ऑर्डर आलीय. सोमवारी हजर व्हायचंय. मामा म्हणले, सून नोकरीला गेली तर भाकरी कोण थापंल. मी म्हणलं, तुम्हाला बी दोन हात हायेत."

"मग?"

"मग त्यांनी हाताकडं बघितलं. लई येळ बघितलं. पहिल्यांदाच बघायल्यावानी."

बुद्धप्रियाला हसू आलं, ते तिने खोकल्यात घातलं. सृष्टी हसत नव्हती.

"ऑर्डरीच्या खाली काय लिहिलेलं असतं ठाव हाय का मॅडम? चारित्र्य पडताळणी. पोलिसांत नाव गेलं की झालं. चार वर्षं अभ्यास केला मी, चुलीपुढं पुस्तक धरून. आता माझं चारित्र्य मामांच्या नाकात अडकलंय."

तिचा नवरा शिवम जिन्याखाली भेटला. हदगावात त्याचं कृषी सेवा केंद्र. बियाणं, खत, फवारणी.

"दुकानात उंदराचं औषध आहे?"

"हाव. खोक्यानं हाय," तो म्हणाला. मग इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "मॅडम, एक सांगतो, आत्याला कळू देऊ नका. आमचे शेषेरावकाका माझ्या वडलांचं आधार कार्ड आणायला घरी गेले व्हते. धान्याच्या खोलीत फळीवर त्यांना पुडी घावली. उंदराच्या औषधाची. फोडलेली. आर्धी रिकामी."

"तुम्ही फोडली?"

"न्हाई."

"सृष्टीने?"

शिवमने जिन्याचा कठडा नखाने खरवडला. रंगाचा पोपडा निघाला.

"इचारलंच न्हाई," तो म्हणाला. "हो म्हणली तर? आन् न्हाई म्हणली आन् मला पटलं न्हाई, तर?"

विष खरं असो वा खोटं, ते या दोघांच्या मध्ये मात्र पुरतं भिनलं होतं.

३

शेषेराव अण्णारावांचे चुलतभाऊ. ते हदगावात होते, म्हणून चौकशी फोनवर झाली. मागे बैल हंबरत होता.

"अण्णारावांशी तुमचा बांधावरून वाद आहे म्हणे?"

"हाय. आज्याच्या टायमापासून हाय."

"म्हणजे ते गेले तर तुमचा फायदा."

"कसला फायदा बाई? त्यो गेला तर मी भांडू कुणासंगं? त्याचं पोरगं समद्याला हाव-हाव म्हणतंय. त्याच्यासंगं भांडण टिकंल का? माझं निम्मं आयुष्य त्या बांधावर गेलंय. आण्णाला म्हणावं लवकर ये, पेरणीच्या आधी एकदा कडाकडा भांडून घेऊ."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. शेषेराव रडत होते. बुद्धप्रियाने त्यांचं नाव संशयितांतून काढून टाकलं. इतका निष्ठावान शत्रू विष घालत नसतो.

मग ती मयताकडे, म्हणजे जवळपास मयताकडे गेली. अण्णाराव खिडकीशी बसून तपकिरीची डबी कुठे लपवली असेल याचा अंदाज घेत होते. दाढी नुकती केलेली, हनुवटीवर एक बारीक लाल रेघ.

"हे काय झालं?"

"ह्ये? सकाळी तुमच्या दवाखान्यात न्हावी आलता. माझा हात लई हलका हाय म्हणला, आन् कापलं."

"रक्त किती वेळ आलं?"

"कसलं रक्त? त्यो तुरटी हुडकस्तोवर थांबलं बी. मग घावली म्हणून उगं फिरवली."

बुद्धप्रियाने त्यांचा दंड बघितला. काल रक्त काढलं होतं तिथे कापसाचा बोळा कधीच गळून पडला होता आणि मागे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. सूज नाही, काळंनिळं नाही. हिरड्या बघितल्या. तपकिरीने पिवळ्या, पण कोरड्या. नाकात दिवा घालून बघितलं. पुढच्याच पडद्यावर एक शीर, तिच्यावर खपली, आणि खपलीशेजारी नखाची खूण.

"नाकात बोट घालता?"

अण्णारावांनी बोट मुठीत लपवलं. एवढ्या चौकशीत हा पहिलाच प्रश्न त्यांना झोंबला होता.

ती व्हरांड्यात येऊन उभी राहिली. कागद म्हणत होता, रक्त गोठत नाही. हनुवटी म्हणत होती, गोठतं. उंदराचं औषध पोटात असतं तर वस्तऱ्याच्या त्या रेघेतून गडी दुपारपर्यंत झिरपत बसला असता. दोघांत कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि बुद्धप्रियाने हनुवटीच्या बाजूने मत दिलं.

पण मग लातूरचा कागद खोटा, आणि नांदेडचाही खोटा. दोन गावं, दोन यंत्रं, दोन शिष्टर, दोन सुया. दोन्हीकडे सारखं काय होतं? अण्णाराव होते.

आणखी कोण होतं?

४

"बसा कस्तुराबाई. चहा घेणार?"

"आर्धाच."

कस्तुराबाई खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसली. उरलेला भाग तिने कुणासाठी ठेवला होता कोण जाणे. चहा आला, तिने अर्धा कप नीट संपवला. बिस्कीट मधोमध मोडलं, एक तुकडा खाल्ला, दुसरा पदराच्या गाठीत बांधला.

"सगळंच अर्धं घेता का हो तुम्ही?"

"पुरं कायबी घेऊ न्हाई बाई. आपुन पुरं घेतलं की दुसऱ्याचं सरतं. बहात्तरच्या दुष्काळात साळंत सुकडी मिळायची. म्या आर्धी खायची, आर्धी आण्णाला न्यायची. त्यो कुडाला टेकून वाट बघत बसलेला असायचा. तवापासून हात आर्ध्यावरच थांबतो." तिने पदराची गाठ चाचपली. "त्याला कुणी मारायलं असंल तर म्या सोडणार न्हाई. मंग सून असो का देव."

"हदगावात तुम्हीही सृष्टीच्याच हातचं जेवत होता ना?"

"न्हाई. तिनं आण्णाला हाताचं बोलल्यापासून म्या तिच्या हातचं पाणी बी घेतलं न्हाई. माझी भाकर म्या थापते."

"अर्धी?"

"मंग काय पुरी थापू?"

बुद्धप्रियाने टेबलावरच्या कपाकडे बघितलं. अर्ध्या कपाची रेघ कपाच्या आत सुकत चालली होती. ती रेघ बघता बघता तिच्या मनात दुसरी एक रेघ आली, काचेच्या नळीवर छापलेली, आणि ती एकदम उठली.

"तुम्ही बसा. चहा घ्या अजून," ती म्हणाली, आणि जिना उतरून लॅबकडे गेली.

काल रक्त काढलं होतं सिंधु शिष्टरने. ती बोळे गुंडाळत बसली होती.

"सिंधुताई, अण्णारावांचं रक्त घेतलं तेव्हा जवळ कोण होतं?"

"म्हातारी व्हती की. माझा हातच धरून बसली. म्हणे, लेकी, सकाळी नाकातून लई गेलंय, आता तू बी काढायलीस, त्याच्या अंगात राहील काय? रडायली व्हती मॅडम. नांदेडच्या शिष्टरनं बी माझं ऐकलं म्हणे, तू बी ऐक."

"काय ऐक?"

सिंधुने हातातला बोळा खाली ठेवला. पुढचं तिने सांगितलं नाही. सांगता सांगता ते तिचं तिलाच ऐकू आलं होतं.

लॅबच्या स्टँडवर कालच्या नळ्या अजून उभ्या होत्या. बुद्धप्रियाने निळ्या टोपणाची नळी उचलून उजेडात धरली. खूण वर होती. रक्त खूप खाली होतं. अर्धंसुद्धा धड नव्हतं.

ती जिथे उभी होती तिथे हसली. मग तिला आठवलं की ओपीडी सुटायला फार वेळ उरलेला नाही.

५

तिने दोन कोऱ्या निळ्या नळ्या घेतल्या. अण्णारावांचं रक्त तिने स्वतः काढलं, खुणेला टेकेपर्यंत. तोवर कस्तुराबाई केबिनमध्येच दुसरा अर्धा चहा पीत होती. मग बुद्धप्रिया तिच्याकडे आली.

"कस्तुराबाई, एका घरात राहता, एका रांजणातलं पाणी पिता. तुमचंही रक्त बघून घेऊ म्हणते. चालेल?"

"घ्या की. पर बाई, आर्धंच."

"तुम्ही म्हणाल तेवढंच," बुद्धप्रिया म्हणाली. चेहऱ्यावर काही नव्हतं.

तासाभराने अण्णारावांच्या खाटेभोवती सगळे जमले. शिवम भिंतीला, सृष्टी दाराशी थर्मास धरून, कस्तुराबाई खाटेच्या काठावर. अमृतराव डॉक्टर फोन हातात घेऊनच आले होते. सिंधुने दोन कागद आणले. डॉक्टरांनी वरचा उलगडला आणि मान हलवली.

"तिसऱ्यांदाही तेच. गोठण्याचा वेळ दुपटीच्या वर. आता शंकाच नाही. मी लावतो फोन."

"सर, आधी नाव वाचा," बुद्धप्रिया म्हणाली.

डॉक्टरांनी चष्मा नाकावर सरकवला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"कस्तुराबाई," ते म्हणाले.

"म्हंजी?" कस्तुराबाईने छातीवर हात ठेवला. "मला बी घातलं? मला कोण घालंल? म्या तर हिच्या हातचं पाणी सुदिक..." ती थांबली. आपलंच वाक्य आपल्याला आडवं आलेलं तिला दिसलं. तिने सृष्टीकडे बघितलं, मग कागदाकडे.

"आता खालचा कागद," बुद्धप्रिया म्हणाली.

खालचा कागद अण्णारावांचा. रक्त गोठण्याचा वेळ अगदी बिनबोभाट, चार माणसांसारखा. अण्णारावांना थोडं वाईट वाटल्यासारखं दिसलं.

मग बुद्धप्रियाने खिशातून एक कोरी निळी नळी काढून कस्तुराबाईच्या हातात दिली.

"हलवून बघा. तळाशी पाण्यासारखं काय दिसतं?"

"हाय जरासं."

"ते औषध आहे. रक्त वाटेत गोठू नये म्हणून आधीच घातलेलं असतं. ही वरची रेघ दिसते? इथपर्यंत रक्त आलं तर औषध बरोबर पुरतं. आता सांगा, किलोभर तुरीच्या वरणाचं मीठ तुम्ही पावशेर वरणात घातलं तर काय होईल?"

"मिठाचं आगरच व्हईल. तोंडात धरवणार न्हाई."

"मग दोष तुरीचा का?"

कस्तुराबाई नळीकडे बघत राहिली. लातूरची तूर तिला ठाऊक होती. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उतरत गेलं.

"म्हंजी म्या आर्धं घ्या म्हणले..."

"नांदेडला पण, इथे पण. रक्त अर्धं, औषध पुरं. लॅबवाले त्या औषधावर उतारा घालून रक्त गोठवून बघतात, पण औषधच एवढं जास्त की उतारा पुरत नाही. रक्ताचा काही दोष नाही. अण्णारावांना तपकिरीने आणि बोटाने झालंय. त्यांच्या हनुवटीने ते सकाळीच सांगितलं होतं."

"मंग पुडी?" शिवम एकदम बोलला. बोलल्यावर त्याने तोंडावर हात धरला, पण उशीर झाला होता. सृष्टीने मान वर केली.

"कंची पुडी?" कस्तुराबाई म्हणाली. "धान्याच्या खोलीतली? ती तर म्याच फोडली. आल्या आल्या. उंदरं लई झालीत म्हणून आर्धी टाकली."

"अर्धी का?" हे अमृतराव डॉक्टरांनी विचारलं. त्यांना राहवलं नाही.

"उंदराला पुरी कशाला?"

"म्हणून मरंनात," अण्णाराव खाटेवरून म्हणाले. "मी म्हणतोय, उंदरं निस्ती पेंगत फिरायलीत. दाराकडं जायलं तर वाट द्यायलीत."

शिवमला सृष्टीकडे बघायचं नव्हतं, तरी त्याने बघितलं.

"इचारायचं व्हतं की," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो खाटेच्या लोखंडी दांड्याला धरून उभा राहिला. त्या दोघांतलं रक्त गोठायला किती वेळ लागेल ते कुठल्या नळीत मोजता येणार नव्हतं.

अमृतराव डॉक्टरांनी फोन खिशात ठेवला. बुद्धप्रियाला घेऊन ते बाहेर व्हरांड्यात आले.

"नळी भरली का ते बघायला हवं होतं," ते म्हणाले.

"हो सर. पण त्याच्या आधी, नळी लागतच नव्हती. आपल्याला त्यांच्या रक्ताबद्दल काही शंका नव्हती. शंका नसताना उत्तर मागवलं, आणि उत्तर आल्यावर त्याला शोभेल असा गुन्हेगार त्यांच्या घरात शोधत बसलो."

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाकातून रक्त आलेला पुढचा पेशंट आला," ते म्हणाले, "की आधी तू त्याच्याशी बोल. मग ठरवू, लिहायचं का." आणि ते आपल्या केबिनकडे गेले.

आत अण्णाराव पुन्हा आपल्या दोन हातांकडे बघत होते.

"सोमवारी म्हणलीस न्हवं?" त्यांनी सुनेला विचारलं.

"हाव."

"मंग जा. भाकरीचं बघू. आर्धी कस्तुरा थापंल," ते म्हणाले, आणि उजव्या हाताची बोटं एकदा मिटून उघडून बघितली, "राहिलेली आर्धी मी."

कुणी हसलं नाही, कारण त्यांचा चेहरा हसण्यासारखा नव्हता.

सृष्टीने थर्मासचं झाकण फिरवलं. कपात चहा ओतला, आणि सवयीने कप आधी स्वतःच्या ओठाशी नेला. तिथेच तिचा हात थांबला. खोलीत सगळ्यांना तो थांबलेला हात दिसला.

कस्तुराबाई काठावरून उठली. चालत दारापर्यंत गेली आणि तिने सुनेच्या ओठापासून तो कप काढून घेतला.

"आर्धाच हाय त्यो, आत्याबाई," सृष्टी म्हणाली. "तुमच्या हिशेबानं."

कस्तुराबाईने कपात बघितलं. मग कप तिच्यापुढं धरला.

"भर," ती म्हणाली. "वरपर्यंत भर."

सृष्टीने काठोकाठ ओतला, थोडा बशीतही सांडला. म्हातारी दारातच उभी राहून प्यायली, घोट घोट करून, बशीतला सुद्धा. शेवटी तिने कप उपडा धरून बघितला. आत कुणासाठी काही उरलं नव्हतं.